दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा

राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास उपराष्ट्रपती कार्यभार सांभाळतात, हे आपण नागरिकशास्त्रात वाचतो. पण दोन्ही पदे रिकामी झाली तर? १९६९ मध्ये नेमके तेच घडले. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन (जन्म हैदराबादचा) निवर्तले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. परंतु राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. अशा वेळी सरन्यायाधीशांनी कार्यभार घ्यावा, असा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता.

सरन्यायाधीश होते न्या. मोहम्मद हिदायतुल्ला. आपल्या आदिलाबादच्या उत्तरेला असलेल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले. तेथेच वकिली केली आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. आता ते ३५ दिवस राष्ट्रपती भवनात होते! अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले, तेही याच काळात. २४ ऑगस्टला गिरी राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला न्यायालयात परतले.

१९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले, तेव्हा कार्यभार पुन्हा त्यांच्याकडेच आला. या वेळी मात्र उपराष्ट्रपती म्हणून.