आशिया चषक : ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी

जुलै २०१७. बंगळूरूत भारताच्या महिला बास्केटबॉल संघाने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. फरक दोन गुणांचा, म्हणजे एका साध्या बास्केटचा. पुण्याची शिरीन लिमये या संघात होती. तेव्हापासून ‘भारत आशियाचा विजेता झाला’ असा समज कुठे कुठे आढळतो. तो पुरता खरा नाही, पुरता खोटाही नाही.

महिलांची आशिया चषक स्पर्धा दोन डिव्हिजनमध्ये (श्रेणींमध्ये) खेळली जाते. ‘अ’मध्ये आठ बलाढ्य संघ, ‘ब’मध्ये बाकीचे. प्रत्येक श्रेणीचा विजेता वेगळा. भारत जिंकला तो ‘ब’मध्ये.

महाड-पोलादपूर हा कबड्डीचा मुलूख. बास्केटबॉल इथे पाहुणाच. पण शाळेतल्या तुकड्या सगळ्यांना ठाऊक आहेत. हुशारीनुसार तुकड्या पाडल्या, तर ‘ब’ तुकडीतली पहिली मुलगी सबंध इयत्तेत पहिली ठरत नाही. मात्र पुढच्या वर्षी तिला ‘अ’मध्ये बसवतात. भारताचे तेच झाले. त्याच महिन्यात, त्याच शहरात आशियाई अजिंक्यपद जिंकले ते जपानने, ऑस्ट्रेलियाला ७४-७३ असे हरवून. (ऑस्ट्रेलिया आशियात कशी? बास्केटबॉलच्या नकाशात ती २०१७ पासून आशियाबरोबर आहे.)

म्हणून ‘ब’ श्रेणीचे जेतेपद लहान ठरत नाही. त्याचे खरे बक्षीस बढती असते. ‘अ’मध्ये तग धरणे त्याहून अवघड. २०२१ साली अम्मानमध्ये भारत आठवा, म्हणजे शेवटचा आला आणि पुन्हा ‘ब’ श्रेणीत गेला. २०२३ च्या सिडनीतल्या स्पर्धेत ती जागा लेबनॉनला मिळाली.