गोदामातला टोलनाका

टोलनाक्यावर गाडीचा वेग कमी होतो, काचेवरचा फास्टॅग वर लटकवलेल्या चपट्या डब्याला दिसतो आणि आडवा दांडा उठतो. फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून आरएफआयडी हे तंत्रज्ञान लाखो गाड्यांच्या काचेवर चिकटलेलं आहे, नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक. त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्यातून मिळालेल्या चिमूटभर ऊर्जेवर टॅगमधली चिप जागी होते आणि तीच लहर किंचित बदलून परतवते. त्या बदलात तिचा क्रमांक दडलेला असतो.

साड्यांचं गोदाम, ग्रंथालय, सराफाची पेढी, सगळीकडे मोजदादीला हेच तंत्र चालतं. बारकोड वाचायचा तर एकेक नग हातात घेऊन पट्टी यंत्रासमोर धरावी लागते. इथे मात्र बंद खोक्यातल्या शंभर साड्या खोकं न उघडता काही सेकंदांत मोजता येतात. हे कळलं की दुकानदार विक्रेत्याला हमखास विचारतो, ‘रेंज किती?’

प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नव्हे. आधी विचारायला हवं ते स्वतःलाच: आपल्याला काय वाचायचं आहे, आणि काय वाचलं जायला नको आहे?

सराफाचंच उदाहरण घ्या. रात्री दुकान बंद करताना समोरच्या ट्रेमधल्या अंगठ्या मोजायच्या आहेत. दहा मीटरपर्यंत पोहोचणारा रीडर आणला तर तो ट्रेबरोबर मागच्या तिजोरीबाहेरचे हारही मोजेल, आणि हिशेब जुळण्याऐवजी बिघडेल. अशा कामाला टेबलावर ठेवायचा, कमी ताकदीचा, फक्त वरच्या ट्रेपुरता पाहणारा रीडर लागतो. गोदामातही तेच. या रॅकची मोजणी चालू असताना पलीकडच्या रॅकमधले नग यादीत घुसले, की सगळी मोजदाद पुन्हा. म्हणून रीडरची ताकद किती वाढते यापेक्षा ती किती बारकाईनं कमी करता येते, हे आधी पाहावं.

अंतर मुख्यतः ठरतं ते लहरींच्या वारंवारतेवरून. पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते. तिच्याजवळ रीडर अगदी टेकवावा लागतो. मेट्रोचं कार्ड आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांत बहुधा असणारा टॅग १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे कामाचं अंतर वीतभर, फार तर हातभर. फास्टॅग मात्र यूएचएफ, म्हणजे याहून खूप जास्त वारंवारतेच्या जातीचा, काही मीटरवरून वाचला जाणारा. गोदामासाठी बहुतेक वेळा हाच घेतात.

यूएचएफला दोन गोष्टी सोसत नाहीत, धातू आणि पाणी. धातू लहरी परतवतो आणि टॅगचा सूर बिघडवतो, पाणी लहरी पिऊन टाकतं. वॉलमार्टनं २००३मध्ये आपल्या बड्या १०० पुरवठादारांना खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग लावायला सांगितलं. मुदत होती जानेवारी २००५. टॅगचा खर्च तर होताच, त्यात पातळ पदार्थांच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे यांनी वाचनात घोळ घातला. पुढे २०१०मध्ये याच कंपनीनं जीन्स आणि अंतर्वस्त्रांच्या एकेका नगावर टॅग लावायला घेतले. कापडात ना धातू ना पाणी. आरएफआयडी कपड्यांच्या धंद्यात इतकी रुजली त्याचं एक कारण हेच. डेकॅथलॉनच्या दुकानात टोपलीतलं सामान एका खणात ठेवलं की बिल तयार होतं, ते याच लहरींवर.

मग स्टीलच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यानं काय करायचं? त्याच्यासाठी धातूवर लावायचे खास टॅग मिळतात. टॅग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमचा किंवा प्लास्टिकचा थर असतो. ते जाड आणि महाग असतात, पण त्यांच्याशिवाय कितीही भारी रीडर आणला तरी उपयोग नाही. दागिन्यांचा टॅग दोऱ्याला किंवा लांब शेपटीला लोंबतो, तोही सोन्यापासून थोडा लांब राहावा म्हणूनच.

यानंतर यंत्राची पाळी. महिन्यातून एकदा स्टॉक मोजायचा असेल तर पिस्तुलासारखी मूठ असलेला हँडहेल्ड पुरतो. शिवाय हरवलेला नग शोधताना जवळ जावं तसा त्याचा टीं-टीं आवाज वाढतो, ही सोय मोठीच. माल दारातून सतत आत-बाहेर होत असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना आणि एक स्थिर रीडर बसवावा लागतो. इथे एक गफलत नेहमी होते. एका अँटेनाला दारात टॅग फक्त दिसतो, तो आत गेला की बाहेर आला हे कळत नाही. त्यासाठी मागे-पुढे लावलेल्या अँटेना किंवा जोडीला सेन्सर हवा. चार पोर्टांचा रीडर घेऊन दोनच अँटेना लावल्या तरी चालतं, गरज पडली तर वाढवता येतात. केबलवर मात्र काटकसर नको. पातळ केबल दहा मीटर ओढली तर निम्मी शक्ती वाटेतच जिरू शकते. उलट अंतर दुप्पट करायचं तर शक्ती चौपट लागते.

आणि कायद्याचीही मर्यादा आहे. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना खुला झाला, पण रीडरची शक्ती १ वॅट आणि अँटेनातून फेकली जाणारी शक्ती ४ वॅट या मर्यादेत. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ वापरतात. तिकडचं यंत्र स्वस्तात मिळालं म्हणून आणलं, तर ते इथल्या मोबाईलच्या लहरींत लुडबूड करेल. युरोपासाठी बनलेलं यंत्र आपल्या पट्ट्याशी बरंचसं जुळतं, तरी खरेदीआधी भारतासाठीची मंजुरी कागदावर पाहावीच.

विक्रेत्याच्या वातानुकूलित खोलीत टेबलावर मांडलेले टॅग कुठलाही रीडर वाचतो. यंत्र आठवडाभरासाठी आपल्या गोदामात मागून घ्यावं. हातानं मोजलेले शंभर नग एका खोक्यात भरावेत, थोडे उभे, थोडे आडवे, दोन टॅग एकमेकांना चिकटलेले, आणि खोकं लोखंडी रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवावं. मग दहा वेळा वाचून पाहावं. एखाद्या वेळी ९७ आले तर ते तीन कुठले, हे त्या खोक्यात हात घालून शोधावं. बहुधा ते पत्र्याला टेकलेले सापडतात. तेव्हा रीडर बदलण्याआधी टॅग हलवून पाहिला तर काम स्वस्तात होतं.