तंबूतलं हसू कोणाचं मोजायचं?



जत्रेतला तंबू टॉकीज तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा, अशा गर्दीच्या ठिकाणी कनात उभी राहायची, कर्ण्यावर पुकारा व्हायचा आणि भुईवर बसून सिनेमा बघायचा. तंबूत सगळ्यांचे डोळे पडद्यावर असतात. मालकाचं मात्र लक्ष माणसांवर असतं. कोण हसलं, कोण जांभई देतंय, कोण पोराला काखेत मारून उठलं, हे तो बघत असतो. आज त्याच्या या बघण्याविषयी बोलू या. आपल्या बचत गटालाही ते उपयोगी पडेल.

त्यासाठी शंभर वर्षांहून जरा मागं जायला हवं. तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तो सुमारे ३,७०० फूट लांबीचा, म्हणजे फार तर तासाभराचा. एवढ्यावर लोक तिकीट काढतील का, ही थिएटरवाल्यांची चिंता. म्हणून जोडीला नाच, पायावर वस्तू झेलणारा कसरतपटू आणि छोटे विनोदी तुकडे ठेवले होते.

सुरतेला हाच चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तिथल्या लोकांना दोन आण्यांत तासन् तास नाटक बघायची सवय. मग फाळक्यांनी जाहिरात केली, की सत्तावन्न हजार फोटोंचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत बघा. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर होता, कारण एका फुटात सोळा चित्रं बसतात. पण मैल होतो ५,२८० फुटांचा, म्हणजे चित्रपट एक मैलसुद्धा भरत नव्हता! जाहिरात चालली, गर्दी झाली. माल विकणारी कुठलीही बाई हे ऐकून गालात हसेल.

पुढं जानेवारी १९१४ मध्ये फाळक्यांचा 'मोहिनी भस्मासूर' कॉरोनेशनलाच लागला. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं, कारण बाई मिळाली नाही. 'मोहिनी भस्मासूर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. आपल्याकडच्या चित्रपटात बायकांनी काम केलं ते तेव्हापासून. त्याच खेळाला जोडून फाळक्यांनी स्वतःच काढलेला एक छोटा विनोदी चित्रपटही दाखवला, 'पिठाचे पंजे'.

आता यातली गंमत बघा. तिकीट विकलं जातं मोठ्या चित्रपटाच्या नावावर. बरोबरचा विनोदी तुकडा म्हणजे भाजीवर घातलेली कोथिंबीर. मग तो तुकडा चांगला होता की वाईट, हे मालकाला कळणार कसं? गल्ला मोजून कळत नाही, कारण गल्ला जमला मोठ्या चित्रपटामुळं. त्याला थिएटरात जाऊन उभं राहावं लागायचं आणि कान द्यावा लागायचा. मुका चित्रपट असल्यानं संवाद बुडायची भीती नव्हती. लोक मोकळेपणानं हसत, बोलत. मधे अक्षरांच्या पाट्या आल्या की ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला वाचून सांगे. विनोदी तुकड्याला तर पाट्याही फारशा लागत नसत. साहेब घसरून पडला, टोपी उडाली, हे कळायला शाळा कशाला लागते?

तिकडं अमेरिकेतही लहान गावांतल्या थिएटरवाल्यांची हीच अडचण होती. चित्रपट कंपन्या त्यांना गठ्ठ्यानं माल देत. एक चांगला चित्रपट हवा असेल तर चार पडीकही घ्या. जाहिरात तर प्रत्येक चित्रपटाची जोरदारच. मग या मालकांनी एक तोड काढली. 'एक्झिबिटर्स हेरल्ड' नावाच्या त्यांच्या धंद्याच्या साप्ताहिकात एक सदर चालायचं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की या चित्रपटानं माझ्यासाठी काय केलं. त्यात गावोगावचे मालक दोन-चार ओळी लिहून पाठवत. अमुक दोन रिळांचा विनोदी चित्रपट लावला, लोक कसे हसले किंवा कसे गप्प बसले, आमचं गाव लहान आहे, आमचं गिऱ्हाईक असं आहे. ते वाचून दुसऱ्या गावचा मालक ठरवायचा, की हा तुकडा मागवायचा की नाही.

आपल्याला हे नवीन नाही. बियाण्याच्या पिशवीवर कणसाचं चित्र झकास असतं. दुकानदार गुण सांगतो, पण उगवण किती झाली हे शेजारीणच सांगते. आपण शेजारणीचं ऐकतो, कारण तिची जमीन आपल्यासारखी आणि तिचं पाणीही आपल्याएवढंच. त्या मालकांनी कागदावर हेच केलं.

पण नुसतं हसू मोजून भागतं का? इथं एका नटाची गोष्ट सांगते. बस्टर कीटन हा मुक्या चित्रपटांतला मोठा विनोदी नट. १९२४ साली त्यानं 'द नॅव्हिगेटर' नावाचा चित्रपट काढला. त्यात तो पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्राच्या तळाशी बोट दुरुस्त करायला उतरतो. तिथं माशांची झुंबड चाललेली. हा एक तारामासा उचलून पोलिसाच्या बिल्ल्यासारखा छातीवर लावतो आणि चौकातल्या पोलिसासारखा हात करून माशांची रहदारी थांबवतो. खर्च खूप झाला, मेहनतही खूप. चित्रपट बाजारात आणण्याआधी लोकांना दाखवून पाहिला, तर या जागी कुणी हसेचना.

गंमत म्हणजे हाच प्रसंग जाहिरातीच्या तुकड्यात सुटा दाखवला, तेव्हा लोक हसले. मग चूक कुठं होती? कीटनच्या लक्षात आलं. वर बोटीवर नायिका संकटात आहे आणि हा हातातलं काम टाकून खाली माशांशी खेळतोय, हे बघणाऱ्यांना रुचलं नाही. त्यांचा जीव त्या पोरीत अडकला होता. विनोद चांगला होता, जागा चुकली होती. त्यानं तो प्रसंग कापून टाकला.

म्हणजे गप्प बसणंही नाना तऱ्हेचं असतं. कळलं नाही म्हणून माणूस गप्प बसतो, रुचलं नाही म्हणून गप्प बसतो, काळजी वाटली म्हणूनही बसतो. आणि एक गप्प बसणं खास आपलं. सासरे, दीर, गावातली मोठी माणसं समोर असली की बाई पदर तोंडाला लावून हसते. डोळ्यांत हसू असतं, आवाज बाहेर येत नाही. आता मालक पुरुषांच्या बाजूला उभा असेल तर त्याला काय ऐकू येणार? तो म्हणणार, बायकांना हे आवडत नाही. किंवा बायकोच्या फजितीवर पुरुष खदखदले, बायका खाली बघत राहिल्या, तरी तो लिहिणार, सगळा तंबू हसला. मग पुढचा खेळ येणार तो ज्यांचं हसू ऐकू आलं त्यांच्याच आवडीचा. कुणी मुद्दाम केलं नाही तरी असं होतं.

आपण गटात हाच दोष करतो का, ते बघा. हळदीकुंकवाला पथनाट्य बसवलं, आरोग्यावरची फिल्म दाखवली, नवीन मसाला विकायला काढला. संपल्यावर आपण विचारतो, "आवडलं का गं?" पुढून उत्तर येतं, "छान झालं की ताई." तोंडावर वाईट कोण म्हणेल? म्हणून चार साध्या गोष्टी करा.

एक, गटातल्या दोघींना काम द्या, की पडद्याकडं पाठ करून तुम्ही फक्त माणसांची तोंडं बघायची. एकीनं पुढं थांबायचं, दुसरीनं अगदी मागं, जिथं नव्या सुना आणि म्हाताऱ्या बसतात.

दोन, लोक कुठं हसले, कुठं कुजबुजले, कुठं उठून गेले, ते त्या त्या प्रसंगासकट वहीत टिपा. 'चांगलं झालं' एवढंच लिहून पुढं काही सुधारता येत नाही.

तीन, जी गप्प होती तिला दुसऱ्या दिवशी नळावर किंवा रानात एकटी गाठा. "आवडलं का" असं विचारू नका. "त्यातलं तुला काय आठवतंय?" असं विचारा. तिला काहीच आठवत नसेल तर आपल्याला काम आहे.

चार, शेजारच्या गावच्या गटाला दोन ओळी कळवा. काय चाललं, काय पडलं आणि बघायला कोण होतं, तेही. कोण होतं हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं अर्धवट.

आणि हो, कोण आलंच नाही, तेही वहीत लिहा. तंबूच्या बाहेर राहिलेल्या बाईचं हसू कुठल्याच मालकाला मोजता आलं नाही. तिच्या घरी जाऊन एकदा विचारा, की तू का आली नाहीस. वेळ चुकली असेल, वाट अंधाराची असेल, नाहीतर घरात सांगायची हिंमत झाली नसेल. यातल्या बऱ्याच गोष्टी गटाला सोडवता येतात.

पुढच्या बैठकीत या वहीसाठी एक पान राखून ठेवा.