बसलेली आणि गेलेली

मराठीत बॅटरी ‘बसते’ आणि बॅटरी ‘जाते’. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण बंद पडलेली बॅटरी पुन्हा चालू करू पाहणाऱ्याचं सारं कौशल्य या दोहोंतला फरक ओळखण्यात असतं. बसलेली उठवता येते, गेलेली नाही.

2020च्या टाळेबंदीत हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, इंजिनाचा संगणक थोडी थोडी वीज खात असतात. ती 30 मिलिअ‍ॅम्पिअर धरली, तरी लहान गाडीची 35 अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी साधारण दीड महिन्यात रिकामी होते. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो.

बॅटरीच्या पेटीत सहा घरं असतात, प्रत्येक घर दोन व्होल्टचं. घरातली एक प्लेट लेड डायऑक्साइडची, दुसरी स्पंजासारख्या सच्छिद्र शिशाची आणि भोवती पातळ गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पाणचट होत जातं. चार्जिंग करताना हेच उलट घडतं. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि हायड्रोमीटरवर आम्लाची ग्रॅव्हिटी 1.27च्या जवळ येते. रिकामी तशीच ठेवली, तर सल्फेटचे बारीक कण वाढून कडक खडे होतात. सल्फेटमधून वीज जात नाही, त्यामुळे प्लेट असूनही नसल्यासारखी होते. मेकॅनिक म्हणतात, ‘सल्फेट धरलंय.’

हे खडे फोडायची रीत या बॅटरीच्या जन्माशी जोडलेली आहे. 1859 साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे, मध्ये अडसर ठेवून, गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. त्यात सुरुवातीला फारशी वीज मावेना. मग ते ती भरत, रिकामी करत, पुन्हा भरत राहिले. दर फेरीगणिक पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र होत गेला आणि क्षमता वाढली. 1881 साली कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप दिला आणि ही दीर्घ तपश्चर्या बरीच वाचली. बसलेली बॅटरी उठवणारा माणूस प्लांतेंचीच चिकाटी पुन्हा अंगी आणतो.

माझ्या गाडीच्या बॅटरीवर मी हेच केलं. आधी प्रत्येक घरात प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घातलं. आम्ल घातलं नाही, कारण ते कुठं गेलेलं नसतं. सल्फेट होऊन प्लेटांवरच बसलेलं असतं. मग जेमतेम एक अ‍ॅम्पिअरचं चार्जिंग लावलं. सुरुवातीला व्होल्टेज झरकन 15च्या वर गेलं आणि करंट जवळजवळ शिरेना. सल्फेट धरल्याची हीच खूण. काही तासांनी व्होल्टेज हळूहळू उतरू लागलं, करंट वाढू लागला. बॅटरीनं घास घेतला! दोन दिवसांनी हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावून, 10.5 व्होल्टपर्यंत तो किती वेळ जळतो ते मोजलं. तो साडेचार अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे नव्या बॅटरीवर सात-आठ तास चालायला हवा. पहिल्या फेरीत तीन तास मिळाले, तिसऱ्या फेरीत पाच.

या वाटेवर फसवे उपायही भेटतात. कुणी एप्सम सॉल्ट घालायला सांगतं, कुणी नवं आम्ल. दोन्हींनी हायड्रोमीटरचा आकडा वर जातो, पण प्लेटांवरचं सल्फेट जागचं हलत नाही. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर पुसल्यासारखं आहे ते.

धोका मात्र खरा आहे. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. म्हणून काम उघड्या हवेत, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि क्लिपा लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद. शिसं विषारी आहे. हात धुतल्याशिवाय जेवू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आणि काही बॅटऱ्या खरोखरच गेलेल्या असतात. पाच घरांची ग्रॅव्हिटी चढते आणि सहावं तिथंच राहतं. रात्रभर ठेवून व्होल्टेज साडेदहावर थांबतं. ते घर शॉर्ट झालेलं असतं. आम्ल काळं-तपकिरी दिसलं, तर प्लेटांचा लेप झडून तळाशी गेलेला असतो. झडलेली प्लेट कोणतंही चार्जिंग भरून देत नाही.

अशा बॅटरीतलं आम्ल गटारात ओतू नये, तिला भंगारात फोडूही देऊ नये. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार नवीच्या किमतीत त्याबद्दल सूटही देतो. पुढे नोंदणीकृत भट्टीत 327 अंशांवर शिसं वितळतं आणि पुन्हा प्लेट होतं. गेलेल्या बॅटरीलाही परतीची वाट आहे. फक्त ती आपल्या गॅलरीतून जात नाही.