गावात राहणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाचा जोडीदार भेटायला येतो तेव्हा

चेन्नईला लागून असलेल्या चेंगलपट्टू, कांचीपुरम जिल्ह्यांत आणि पुढे ऑरोव्हिलच्या परिसरात परदेशी तरुण-तरुणी महिनोन्‌महिने शाळांत, शेतांवर काम करतात. मग कुणाचा मित्र, कुणाची मैत्रीण भेटायला येते आणि ऐकीव गोष्टींवर निर्णय होऊ लागतात.

गैरसमज: लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहणे गुन्हा आहे.

मुळीच नाही, आणि हे ठरवणारे दोन्ही खटले तमिळनाडूशी जोडलेले आहेत. विवाहपूर्व संबंधांबद्दल 2005 मध्ये मत मांडल्यामुळे अभिनेत्री खुशबू यांच्यावर राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे रद्द केली आणि सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने एकत्र राहणे गुन्हा नाही, असे सांगितले. 2019 मध्ये कोइंबतूरच्या एका निवासाला सील ठोकले गेले. खोलीत अविवाहित जोडपे होते, हेही त्याचे एक कारण. असे राहायला मनाई करणारा कायदाच नाही, म्हणत मद्रास उच्च न्यायालयाने सील काढायला लावले. काही हॉटेलवाले तरीही नकार देतात, म्हणून खोली घेताना आधी विचारलेले बरे.

गैरसमज: कायदा आड येत नाही, म्हणजे जोडीदाराला गावातल्या खोलीवर थेट आणायला हरकत नाही.

इथे मी घरमालकिणीच्या बाजूची आहे. स्वयंसेवक सहा महिन्यांनी परत जाणार. शेजारपाजारच्या बोलण्याला तोंड द्यायला ती मागे राहणार. ‘नको’ म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे आणि तो मागासलेपणा नव्हे. तिने नाही म्हटले तर महाबलीपुरमसारख्या ठिकाणी खोली घ्यावी, गावात दिवसा यावे. अशा पाहुण्याला जेवायला आग्रहाने बसवतात. पाण्याचा पेला ओठाला न लावता वरून प्यायचा, जेवण झाले की केळीचे पान आपल्याकडे दुमडायचे. पाहुण्याने एवढे जरी केले तरी घरातल्या बायका खुलतात.

गैरसमज: एका रात्रीच्या मुक्कामाला कसले आलेत कागद?

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. युरोपातून येणारी विमाने चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावर अनेकदा रात्री उशिरा उतरतात, म्हणून पहिली रात्र शहरातल्या ओळखीच्या घरी काढली जाते. ते घर मराठी कुटुंबाचेही असू शकते. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. वर्षानुवर्षे ‘सी फॉर्म’ म्हणतात तो हाच. हॉटेलाइतकाच तो खासगी घराला, वसतिगृहाला आणि संस्थेच्या अतिथीगृहाला लागू आहे. जबाबदारी पाहुण्याची नाही, यजमानाची. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, तरी हे बंधन कायम आहे. पाहुणा शहरातून गावी गेला की तिथल्या यजमानाने पुन्हा कळवायचे. हा फॉर्म ऑनलाइन भरण्याआधी यजमानाला तिथले आपले खाते मंजूर करून घ्यावे लागते, तेव्हा हे काम पाहुणा दारात येईपर्यंत ठेवू नका.

गैरसमज: जोडीदाराला स्वयंसेवकाच्याच व्हिसावर राहता येते.

नाही. आश्रित म्हणून व्हिसा पती-पत्नी आणि मुलांसाठी असतो. मित्र-मैत्रिणीने पर्यटक म्हणून यायचे.

गैरसमज: आलाच आहे तर तोही मुलांना चार दिवस शिकवेल.

ई-पर्यटक व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवेला मुभा आहे, पण जास्तीत जास्त एक महिना. मला खरी काळजी मुलांची वाटते. स्वयंसेवकाची चौकशी संस्थेने केलेली असते, त्याच्या जोडीदाराची केलेली नसते. त्याला मुलांसोबत एकटे सोडू नये. बालगृहातल्या मुलांची ओळख पटेल असे फोटो प्रसिद्ध करणे तर किशोर न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तिकीट काढण्याआधी संस्थेशी आणि घरमालकिणीशी समक्ष बोला, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती दोन्ही यजमानांकडे आधीच पाठवून ठेवा.