छोट्या इंजिनाचा डाख आणि दमा

मॉडेल रेल्वेचे डिजिटल इंजिन रुळावर ठेवताच जळकट वास आला, तर दोष डीकोडरचा क्वचितच असतो. बहुधा वायर चुकलेली असते. नखाएवढी ही पाटी रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही घेते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिच्या वायरींचे रंग ठरवून दिले आहेत. लाल-काळी रुळांची, नारिंगी-करडी मोटारीची, पांढरी-पिवळी पुढच्यामागच्या दिव्यांची. निळी ही दिव्यांची सामाईक धन वायर. तिला ‘अर्थ’ समजून सांगाड्याला जोडले की डीकोडर गेलाच! नारिंगी-करडी उलटी लागली तर इंजिन नुसते उलटे पळते. पण मोटारीचे टोक सांगाड्याला टेकत असेल तर डीकोडर जळतो. म्हणून आधी मल्टिमीटर, मग डाख.

डाख देताना निघणारा धूर शिशाचा असतो, हा गैरसमज. त्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो धूर राळेचा, आणि त्याने कामगारांना दमा होतो हे ठाऊक आहे. एकदा ही ॲलर्जी जडली की थोडाही धूर पुरतो. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, म्हणून त्याच टेबलावर चहा-बिस्किटे नकोत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शिसेविरहित तार घेतली तरी राळ असतेच, तेव्हा खिडकी उघडी आणि डोके धुरापासून बाजूला हवे. काम केल्याच्या रात्री छाती वाजते आणि एरवी वाजत नाही, असे असेल तर डॉक्टरांना या छंदाबद्दल जरूर सांगावे. ते आपणहून विचारतीलच असे नाही.