कजा की फिदया? रेडिएशनच्या काळातला रमजान

रमजान सुरू झाला की मशिदीत इमामसाहेबांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आजारपणाचे प्रश्न बरेच असतात. मधुमेह आहे, रोजा ठेवू का? डोळ्यात औषधाचे थेंब टाकले तर रोजा राहतो का? त्यातला एक प्रश्न मात्र हळू आवाजात विचारला जातो आणि बहुधा तो रुग्ण विचारत नाही, त्याचा मुलगा किंवा भाऊ विचारतो. घरातल्या माणसाच्या मेंदूत गाठ निघाली, ऑपरेशन झाले, आता रेडिएशन चालू आहे. रोजे सुटत आहेत. त्यांची कजा करायची की फिदया द्यायचा?

कजा म्हणजे सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून काढणे. फिदया म्हणजे एका रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालणे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोज्यांचा हुकूम आला आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. आयत 184 मध्ये ती सांगितली आहे आणि लगेच 185 मध्ये पुन्हा सांगितली आहे. सोबत असेही म्हटले आहे, की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको आहे. ज्याला बरे होण्याची आशा आहे त्याने कजा करावी आणि ज्याला ती नाही त्याने फिदया द्यावा, असा उलेमांचा साधारण निर्वाळा आहे.

अडचण नेमकी इथेच येते. मेंदूच्या गाठीबाबत कजा की फिदया हे ठरवणे म्हणजे हा माणूस बरा होणार की नाही, हे घरच्यांनी आपल्या तोंडाने सांगणे. फिदयाचे पैसे वेगळे काढताना वडिलांनी पाहिले, तर त्यांना काय वाटेल? म्हणून कुणी विषयच काढत नाही. मग रुग्ण आपला निकाल आपणच लावतो. सहरीला उठतो, कुणाला न सांगता रोजा ठेवतो आणि गोळ्या इफ्तारवर ढकलतो. हा गुपचूप रोजा सगळ्यात धोक्याचा आहे. तो का, हे कळायला उपचार समजून घ्यावा लागतो.

रेडिएशनला गावाकडे ‘शेक’ म्हणतात, पण त्यात शेकल्यासारखे काही लागत नाही. ऑपरेशनची जखम भरली की आधी मास्क बनवतात. जाळीदार प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत तो कडक होतो आणि चेहऱ्याचा साचा तयार होतो. रोज त्याच मास्कने डोके टेबलाला पक्के धरून ठेवतात, म्हणजे किरणांचा नेम चुकत नाही. मास्क घालूनच सीटी स्कॅन करतात. गाठीला किती मात्रा द्यायची, डोळ्यांच्या नसा कशा वाचवायच्या, याचा आराखडा त्यावरून होतो. त्याला काही दिवस लागतात. घरच्यांना वाटते, डॉक्टर वेळ घालवत आहेत. खरे तर सगळ्यात नाजूक काम त्याच दिवसांत चाललेले असते.

मास्कची भीती पुष्कळांना वाटते. तो घट्ट असतो, गालावर जाळीचे ठसे उठतात, पण श्वास नीट घेता येतो. खोलीत रुग्ण एकटा असतो, तरी बाहेरून कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर असते. हात वर केला की मशीन थांबते. अनेक जण त्या काही मिनिटांत मनात तस्बीह पढतात, कुणी रामनाम घेते. भीती फारच असेल तर आधी सांगावे, त्यावरही औषध देतात. महिलांना मास्कसाठी नकाब आणि स्कार्फ काढावा लागतो. महिला तंत्रज्ञ हवी असेल तर पहिल्याच दिवशी तसे विचारावे, त्यात संकोच कशाला? कानातले, केसांच्या पिना, कवळी काढून ठेवायची असते. धातूच्या डबीतला ताईत असला तर तोही.

उपचार बहुधा सोमवार ते शुक्रवार असा रोज असतो. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीसाठी 6 आठवड्यांत 30 वेळा मिळून 60 ग्रे मात्रा देणे ही रूढ पद्धत आहे. वय झालेल्या किंवा अशक्त रुग्णांना ती कमी दिवसांतही देतात. सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी दिल्याने निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. म्हणून मधले दिवस मनाने चुकवू नयेत. ईदच्या दिवशी विभाग चालू आहे का, बुडालेला दिवस पुढे कसा भरून काढणार, हे आधीच विचारून ठेवावे. ईदसाठी म्हणून आठवडाभर गावी जाणे मात्र महागात पडते.

आता गोळ्यांचे. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी बहुतेकदा बारा-बारा तासांनी असते. तिची वेळ टळली, त्यात सहरीसाठी झोपमोड झाली, तर फिट येण्याची शक्यता वाढते. मेंदूची सूज उतरवणारे स्टेरॉइड खाल्ल्यावर घ्यायचे असते. त्याने साखर वाढते, भूक खवळते, झोप उडते आणि ते अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. काहींना रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल असतात. त्या साधारणपणे उपाशीपोटी, रेडिएशनच्या तासभर आधी पेलाभर पाण्याबरोबर गिळायच्या असतात. म्हणजे रोजा असेल तर तो तिथेच तुटतो. नाही घेतली तर उपचार तुटतो. शरीयतने कोणती बाजू हलकी केली आहे, ते वर आलेच आहे. शिवाय जाणत्या, विश्वासू वैद्याचा सल्ला मानायला फिकह सांगते. तेव्हा इमामसाहेबांकडे जाताना डॉक्टरांचे म्हणणे सोबत घेऊन जावे.

हे फक्त रोज्याचे नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या आजीही डॉक्टरांपासून असेच लपवतात. शेजारपाजाऱ्यांनी एकमेकांच्या घरात डोकावून विचारावे असा हा प्रश्न आहे.

नमाजचेही तसेच. सजद्यात डोके खाली गेल्यावर ठणका लागत असेल, तर खुर्चीत बसून इशाऱ्याने नमाज होते. तरावीहला उभे राहण्याचा हट्ट नको. टाळूवर अत्तर, तेल, बाम लावू नये. सौम्य शॅम्पूने, न चोळता धुवावे. किरण जातात तेवढ्या भागातले केस दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. सुती टोपी किंवा ओढणी बरी. थकवा उपचाराच्या अखेरीस आणि नंतरही काही आठवडे वाढतो. माणूस दिवसभर झोपतो, म्हणून घरच्यांनी घाबरून जाऊ नये. पण उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा हातापायातली ताकद कमी झाली, तर लगेच कळवावे. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. कॅप्सूल चालू असतील तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, तेव्हा इफ्तारला सर्दी-तापाच्या पाहुण्यांनी रुग्णाच्या खोलीत न गेलेले बरे.

फिट आलीच तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे, यातले काही करू नये. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत रेडिएशनची सोय आहे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते. मुंबईत राहण्याची पंचाईत झाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा अनेकांना आधार झाला आहे.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. मेंदूची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मेनिन्जिओमासारख्या बऱ्याचशा गाठी साध्या असतात, तरी काहींना रेडिएशन लागते. अशा माणसाने फिदयाचा विचार आत्ताच कशाला करावा? आणि आजार गंभीर आहे म्हणून फिदया दिला, पुढे माणूस सावरला, तर हनफी मताप्रमाणे तो कजा करतो आणि दिलेला फिदया खैरात म्हणून जमा होतो. म्हणजे फिदया दिल्याने कुणाच्या नावावर फुली पडत नाही. हे वडिलांना सांगता येते. बहुधा त्यांना आजाराबद्दल घरच्यांना वाटते त्याहून जास्त ठाऊक असते.

शेवटच्या दिवसानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी एमआरआय होतो. त्यात गाठ वाढल्यासारखी दिसली, तरी ती कधी कधी उपचाराची सूजच असते, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासतात. कजा रोज्यांचा विषय त्यानंतर काढावा. फिटची गोळी दिवसातून दोनदाच असेल, तर ती सहरी आणि इफ्तारला बसते का, हे डॉक्टरांना विचारावे. डिसेंबरात आपल्याकडे रोजा साधारण सव्वाबारा तासांचा असतो, उन्हाळ्यापेक्षा दोन तासांनी लहान.